माझी अव्वा, यल्लूची बाई

अव्वाचा, म्हणजे माझ्या आईचा, डावा हात माझा, असं मी लहानपणी धरूनच चालले होते. उजव्या हाताला कामं फार होती. भाकरी थापायची, अप्पांचं ताट वाढायचं, शाळेतल्या मुलांच्या पाट्या तपासायच्या. डाव्या हाताला त्या मानानं निवांतपणा होता. सकाळी आंघोळ झाली की अव्वा पाटावर बसायची, गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायची, त्यावर थेंबभर पाणी घालायची, भस्म लावायची, बेलाचं पान ठेवायची आणि ओठांतल्या ओठांत काही म्हणत बसायची. आम्ही लिंगायत, आमचा देव ज्याच्या त्याच्या गळ्यात. पूजा आटोपून डबी पदराआड गेली की तोच डावा हात, गार आणि भस्माच्या वासाचा, माझ्या हनुवटीखाली यायचा आणि माझी मान सरळ करायचा. मग उजव्या हातानं ती माझी वेणी घालायची. रिबीन बांधून झाली की मानेपासून टोकापर्यंत तीन बोटं ओढायची, पेड नीट बसलेत का ते बघायला, आणि म्हणायची, "झालं. पळ." त्या तीन बोटांसाठी मी डोकं ठणकेपर्यंत वेणी आवळून घ्यायला तयार असे.

संध्याकाळचंही असंच ठरलेलं होतं. अव्वा मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. दिवसभर मुलांसमोर तोंडाचा मोठ्ठा आ करून "आई", "पाणी", "घर" म्हणून म्हणून तिचा जबडा दुखायचा, त्यामुळे घरी आल्यावर ती फार बोलत नसे. पण दारात पाऊल टाकता टाकता, चपला काढायच्याही आधी, मला एक विचारायचीच, "ऊटा आत?" जेवलीस का? आमच्या घरात मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढलेली असायची. रागावणं, हिशेब, शाळा हे मराठीत, आणि खाणंपिणं, लाड, दुखणं हे कानडीत. मी जेवलेली असले तरी "इल्ला" म्हणायचे, म्हणजे नाही. मग ती हातपाय धुऊन कडक भाकरी चुरायची, तीत शेंगाची चटणी आणि दही कालवायची आणि आम्ही दोघी एका ताटात खायचो. आमच्या गावच्या भवानी पेठेतल्या त्या दोन खोल्यांना चारी बाजूंनी विणकरांच्या मागांचा खडखडाट वेढून असायचा. आज पुण्यात मुलाच्या फ्लॅटमध्ये दुपारी इतकं शांत असतं की मला झोप लागत नाही. त्या खडखडाटात मात्र मी आणि अव्वा एकमेकींचं सगळं ऐकायचो.

यल्लू आली आणि हे बिघडलं. 'आली' हा शब्द खरं तर चुकीचा आहे. ती आमच्या समोरच्याच घरात जन्मली होती, फक्त मी तिच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. तिचे वडील नरसय्या मागावर चादरी विणायचे, आणि तिची आई अंबूबाई उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची. घरात बोलणं तेलुगू, गल्लीत मराठी. यल्लू माझ्याहून तीनेक वर्षांनी लहान. रांगायच्या वयात तिला कसला तरी मोठा ताप आला, आणि तो उतरला तेव्हा तिचे डोळेही घेऊन गेला आणि कानही. पोर चालत चालत मागात शिरेल म्हणून अंबूबाई तिच्या कमरेला जुन्या लुगड्याची दोरी बांधून दुसरं टोक खांबाला बांधायची. यल्लू तासन् तास फरशीला गाल लावून पडलेली असायची. माग चालू असला की फरशी थरथरते, तेवढंच काय ते तिला जगातलं कळत होतं. लाइट गेली की पेठेतले सगळे जरा हुश्श करायचे. यल्लू तेवढी किंचाळून रडायची.

अव्वानं आधी तिला आपल्या शाळेत घ्यायला सांगून पाहिलं. शाळा म्हणाली, आमची मुलं ओठ बघून शिकतात, हिला दिसत नाही. अव्वा आंधळ्या मुलांच्या शाळेत जाऊन आली. ते म्हणाले, आमची मुलं ऐकून शिकतात. त्या दिवशी घरी आल्यावर अव्वानं मला "ऊटा आत?" विचारलं नाही. चपलाही काढल्या नाहीत. ती तशीच समोरच्या घरी गेली, खांबाची गाठ सोडली आणि यल्लूला मांडीवर घेऊन बसली. यल्लू तिला चावली. मला फार बरं वाटलं.

अव्वाला कुणी असलं शिक्षण दिलेलं नव्हतं. अशा मुलांना कसं शिकवायचं याचं पुस्तक तिच्याजवळ नव्हतं, विचारायला माणूस नव्हतं. तिनं सगळं आपल्या डोक्यानं काढलं. ती म्हणायची, "आधी मी कोण ते तिला कळलं पाहिजे की. कोण बोलतंय तेच ठाऊक न्हाई, तर काय बोलतंय ते कशाला ऐकंल?" म्हणून तिनं आपली एक खूण ठरवायचं मनावर घेतलं. बांगड्या गल्लीतल्या सगळ्याच बायकांच्या हातात, मंगळसूत्र सगळ्यांच्याच गळ्यात. साड्या रोज बदलणार. यल्लूच्या घरात, तिच्या नात्यागोत्यात कुणाच्याच गळ्यात नसणारी एकच वस्तू अव्वाजवळ होती. तिनं यल्लूचा हात धरला, पदराखाली नेला आणि लिंगाच्या डबीवर ठेवला.

मी उंबऱ्यात उभी होते. तंबाखूची भुकटी लागलेली ती बोटं त्या डबीवरून, कडेच्या बारीक नक्षीवरून, दोऱ्यावरून फिरत होती, आणि अव्वा मान जराही न हलवता बसली होती. मी पाच-सहा वर्षांची असताना एकदा पूजेच्या वेळी त्या डबीला हात लावला होता, तेव्हा हाताच्या पालथ्या बाजूवर अशी चापट बसली होती की बोटं उठली होती. "लिंग ज्याचं त्याचं," अव्वा तेव्हा म्हणाली होती, "दुसऱ्याच्याला हात लावायचा न्हाई. माझंही न्हाई, कुणाचंच न्हाई." मी पोटची पोर, मला चापट, आणि ही समोरची पोर डबी चाचपत होती, आता तर तोंडात घालून बघत होती. घरी आल्यावर मी विचारलं, "मला का मारलंस मग?" अव्वा चूल पेटवत होती. ती म्हणाली, "तुला डोळं हाईत की नंदा." मी त्या दिवशी माझ्या डोळ्यांवर चिडले.

हेवा ही काही पोरकट गोष्ट नसते. मोठेपणी नवऱ्याच्या संसारात, कचेरीत, जावांमध्ये मला हेवा वाटला, नाही असं नाही. पण आठव्या-नवव्या वर्षी समोरच्या दारात उभं राहून मी जो केला तसा पुन्हा कधी जमला नाही. तो भुकेसारखा वेळेवर यायचा. गिरणीचा भोंगा झाला की मी दारात येऊन उभी राहायचे, कारण आता अव्वा येणार आणि आपल्या दाराकडे न बघता समोरच्या दारात शिरणार. दिवेलागणीला ती घरी यायची तेव्हा तिच्या अंगाला विडीच्या तंबाखूचा वास असायचा. मी नाक मुरडायचे. तिला ते कळायचंही नाही, इतकी ती आपल्याच नादात असायची. "अहो, आज तिनं गरम आणि गार वेगळं केलं बरं का," ती अप्पांना सांगायची. अप्पा सुताचे व्यापारी, शांत माणूस. ते "हां का?" म्हणायचे आणि माझ्या ताटात जास्तीचं तूप वाढायचे. मला तूप नको असायचं.

एकदा मी दोन्ही कानांत कापूस कोंबला, डोळ्यांवर अव्वाच्या जुन्या साडीचं फडकं बांधलं आणि दुपारभर फरशीला गाल लावून पडून राहिले. माझा बेत असा, की अव्वा येईल, घाबरेल, माझा हात हातात घेईल आणि मला एकेक गोष्ट शिकवत बसेल. अव्वा आली. तिनं कापूस ओढून काढला. "कान फुटलाय व्हय? सांगायचं न्हाई का?" म्हणाली, लसणाची पाकळी घालून तेल कोमट केलं, दोन्ही कानांत सोडलं, "हलू नको" म्हणाली आणि यल्लूकडे निघून गेली. मी तेल भरल्या कानांनी न हलता पडून राहिले. तिच्या परत येण्याचा आवाजही त्या दिवशी मला नीट आला नाही.

शिकवणं बघायला मात्र मी रोज जायचे. ज्याचा राग येतो तेच बघत राहायची मला खोड आहे. अव्वानं प्रत्येक माणसाला एक हाताची खूण दिली होती. स्वतःची खूण म्हणजे छातीवर डबीच्या जागी दोन बोटं. अंबूबाई म्हणजे विडी वळल्यासारखा अंगठा बोटावर घासायचा. नरसय्या म्हणजे पाठीवर माग आपटल्यासारखे दोन धपके. जेवण म्हणजे पाची बोटं जुळवून ओठांशी. नाही म्हणजे पाटी पुसावी तसा तळहात पुसायचा, आणि प्रश्न म्हणजे तळहात उघडून पुढं धरायचा. हे सगळं ती यल्लूच्या डाव्या तळहातावर, हातावर, ओठांवर करायची, आणि यल्लू ते परत अव्वाच्या डाव्या हातावर करायची. माझ्या हातावर. मी न शिकवता सगळं शिकले. एकच गोष्ट अशी होती जिचा अर्थ शिकायची मला गरज वाटली नाही. अव्वा यल्लूच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत तीन बोटं हळूच ओढायची. दिवसातून कितीतरी वेळा. आल्या आल्या तर हमखास. आणि ती बोटं ओढली की यल्लू खिदळायची. ते लाड आहेत हे कुणाही आंधळ्याला कळलं असतं. घरी येऊन मी माझ्याच हातावर माझी तीन बोटं ओढून पाहिली. त्यात काही मजा नव्हती.

माझ्या दीक्षेची गोष्ट निघाली ती त्या सुमाराला. आमच्यात मुलगा असो की मुलगी, जाणतं व्हायच्या आत जंगम स्वामी घरी येऊन कानात मंत्र सांगतात आणि गळ्यात स्वतःचं लिंग बांधतात. अप्पांनी विचारलं, डबी कसली करायची, गोल की पेटीसारखी? मी म्हटलं, "अव्वासारखीच. तस्सीच." अप्पांनी अव्वाची डबी घडवणाऱ्या सोनारालाच गाठलं. तीच नक्षी, तोच आकार, दोराही तसाच पांढरा. त्यात भक्ती किती होती ते शिव जाणे. त्या डबीवरची सत्ता मला वाटून हवी होती.

तयारीला अक्कलकोटहून आत्या आली. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण, कडक बाई, जिच्यासमोर अप्पाही मांडी बदलून बसायचे. आल्या दिवशी तिनं पुरणाचं यंत्र, गहू, गूळ बघून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या घरात काय चालतं तेही बघितलं. ती परत आली ती कपाळाला हात लावूनच.

"शिव शिव! तिऱ्हाईताची पोर लिंगाला हात लावतीय, आणि ही खुशाल बसलीय!"

"हात लावत न्हाई ती, वन्सं," अव्वा म्हणाली. "बघतीय. तिचं बघणं हातात हाय."

"मला शाळा शिकवू नको. पुरं झालं हे. परवा स्वामी येणार हाईत. त्यास्नी विचारू. ते न्हाई म्हणाले तर त्या घरची पायरी चढायची न्हाई तू. चालंल?"

अप्पांना तेवढ्यात दुकानातलं काही तरी आठवलं आणि ते उठून गेले. अव्वा गहू निवडत होती. "विचारा की," ती म्हणाली, आणि निवडलेले गहू न निवडलेल्यात टाकले. मला आत्या जन्मात पहिल्यांदा आवडली. मी देवळीपुढं जाऊन हात जोडले आणि स्वामींच्या तोंडून 'नाही' यावं असं स्पष्ट शब्दांत मागून घेतलं. अव्वाची बाजू घ्यावी असं क्षणभरही मनात आलं नाही. का यावं? ती माझी बाजू कुठं घेत होती?

दीक्षेच्या दिवशी पहाटेपासून घरात हुग्गीचा वास भरला होता. कुटलेल्या गव्हाची, गुळाची, सुंठ-जायफळ घातलेली हुग्गी, वर तुपाची धार. आणि मला दीक्षा होईपर्यंत पाणीसुद्धा नव्हतं. मला न्हाऊ घातलं, नवीन परकर-पोलकं नेसवलं, वेणीत शेवंती माळली. वेणी अव्वानं नाही, आत्यानं घातली. अव्वा स्वयंपाकात होती. तीन बोटं कुणी ओढली नाहीत. स्वामी आले. अंगानं भरलेले, घामानं डबडबलेले, बिचारे, त्यांना अजून दोन घरं करायची होती. त्यांनी माझ्या कपाळाला, दंडांना भस्म लावलं, डोक्यावर हात ठेवला, कानात मंत्र सांगितला. त्यांच्या श्वासाला विड्याच्या पानाचा वास होता. मग तळहातावर लिंग ठेवून पूजा करवली आणि डबी गळ्यात घातली. ती माझ्या छातीला गार लागली. माझ्या आयुष्यातला तो मोठा क्षण, आणि मी बघत होते ते स्वयंपाकघराच्या दाराकडे. अव्वा तिथं झारा हातात घेऊन उभी होती, पण तिचं लक्ष आत्याच्या तोंडाकडे होतं. त्या दिवशी ती माझ्याकडे बघत होती की काय हिसकावलं जाणार याकडे, ते मला बरोबर कळलं.

स्वामी पाटावर बसता बसता आत्यानं विषय काढलाच. सगळं सांगितलं, जातीसकट. स्वामी ऐकत होते आणि ताटाकडे बघत होते. "कोण ती पोर? बघू तरी," ते म्हणाले. ती येतच होती. अव्वानं अंबूबाईला आणि तिला जेवायला सांगितलं होतं. अंबूबाई उंबऱ्यातच थबकली, आणि यल्लू मात्र भिंतीला हात लावत थेट आत आली. आमचं घर तिला पाठ होतं. अव्वाची बसायची जागा कुठली तेही पाठ होतं, आणि आज त्या जागी पाटावर मी बसले होते.

तिचा हात माझ्या खांद्याला लागला, तिथून गळ्याला, आणि दोऱ्यावरून खाली घसरत डबीवर आला. आत्या ओरडली. "अगं, लिंगाला हात! आजच दिलेल्या लिंगाला!" तिचं ओरडणं यल्लूला कुठलं ऐकू यायला? नक्षी तीच, आकार तोच, दोरा तोच. तिचा चेहरा असा उजळला की मी आजवर तो समोरून बघितलाच नव्हता, नेहमी अव्वाच्या खांद्यावरून बघितला होता. माझ्यासमोर तिनं बसकण मारली, माझा डावा हात आपल्या मांडीवर घेतला आणि माझ्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, तीन बोटं ओढली. मग पाची बोटं जुळवून माझ्या ओठांशी आणली. मग तळहात उघडून माझ्यापुढं धरला.

"काय म्हणतीय ती?" स्वामींनी विचारलं.

जेवण आणि प्रश्न एवढं मला कळलं होतं. पहिलं कळलं नव्हतं, कारण ते लाड होते. मी अव्वाकडे बघितलं. अव्वा दारातून पुढं आली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला कधी न दिसलेला गोंधळ होता.

"ती तुला मीच समजलीय," ती म्हणाली. "मला विचारतीय. वेणी जेवली का, म्हणून."

"कोण वेणी?"

"तू की."

अव्वा आत्याशी बोलावं तसं, पण माझ्याकडे बघत बोलत होती. "पहिलं वाक्य कुठलं शिकवू तिला, मला सुचंना. मला रोज तोंडात येणारं एकच होतं. शाळेतनं आले की मनात तेच असतं, नंदा जेवली का न्हाई. मग तेच शिकवलं. आता मी पाऊल टाकलं की ती आधी तेच विचारती. मी रोज सांगते, काय खाल्लंस, किती खाल्लंस, का रुसलीस. तिला तुझं लई कौतुक हाय."

म्हणजे माझं "ऊटा आत?" कुठं हरवलं नव्हतं. ते रोज विचारलं जात होतं, फक्त समोरच्या घरात, दुसऱ्याच मुलीच्या हातावर. आणि ज्या लाडांवर मी वर्षभर जळत होते ते माझंच नाव होतं. हे कळून मला आनंद झाला असं म्हणावं अशी अपेक्षा असते. मला त्या क्षणी रडू आलं, आणि ते निव्वळ रागाचं होतं. माझं नाव माझ्या अंगावर घ्यायचं सोडून हिच्या हातावर का?

यल्लू उत्तराची वाट बघत तळहात पुढं धरून बसली होती. सकाळपासून इतकी माणसं माझ्याभोवती होती, कुणी भस्म लावत होतं, कुणी फुलं माळत होतं, आणि मला भुकेनं चक्कर येत होती हे कुणी विचारलं नव्हतं. मी तिच्या तळहातावरून पाटी पुसली. नाही.

तिनं लगेच फ्रॉकच्या खिशात हात घातला. भुकटी आणि दोरे चिकटलेला गुळाचा एक खडा निघाला. तो तिनं माझ्या मुठीत कोंबला आणि हातावर पुन्हा तीन बोटं ओढली, वेणीला दे म्हणून. मूठ बंद करताना तिची बोटं माझ्या बोटांवर थांबली. हात लहान होता. बांगड्या दोनच होत्या. तिनं माझं मनगट हुंगलं, चेहरा चाचपला, कानामागून मानेवर गेली आणि तिथून तिला शेवंती लागली, आणि शेवंतीखाली वेणी. ती टोकापर्यंत वेणी चाचपत गेली. मग घशातून तो तिचा विचित्र, खरखरीत आवाज काढत हसत सुटली आणि माझ्या हातावर माझं नाव पुन्हा पुन्हा ओढत बसली.

"स्वामी, आता तुमीच सांगा," आत्या म्हणाली. तिचा आवाज जरा उतरला होता, पण तिनं हेका सोडला नव्हता.

स्वामींनी उपरण्यानं मान पुसली. "पोरीनं हात लावला म्हणून लिंग काय झिजतंय? बाईनं घरी येऊन पाणी घालावं, पूजा करावी, झालं. आमच्यात पूजा रोजचीच हाय की." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि हिला आधी वाढा. ती पोर एवढ्या लांबनं विचारतीय."

म्हणजे माझं मागणं फुकट गेलं. स्वामींनी दोनदा हुग्गी घेतली. मी गुळाचा खडा दोरे काढून खाल्ला, कारण ताट येईपर्यंत दम नव्हता.

त्या दिवसानंतर अव्वानं डबीची खूण बंद केली. स्वामींनी परवानगी दिली असूनही. दोन गळ्यांत एकच खूण म्हणजे पोरीचा गोंधळ होणार, असं तिचं मास्तरकीचं म्हणणं. नवीन खूण काय, तर माझी लाल रिबीन. ती तिनं माझ्या पेटीतून मला न विचारता घेतली आणि आपल्या डाव्या मनगटाला बांधली. म्हणजे डबी सुटली आणि रिबीन गेली. विटली की ती नवीन बांधायची, पण लालच, आणि तेवढ्याच रुंदीची. मी वेणी घालायची सोडून केस कापले, लग्न होऊन पुण्याला आले, तरी अव्वाच्या मनगटावर ती होतीच. यल्लू तिच्याकडून खूप शिकली, हातमागावर टॉवेल विणायला लागली, स्वतःचं पोट भरू लागली. लोक अव्वाचं कौतुक करायचे आणि मला म्हणायचे, किती भाग्यवान तुम्ही. मी मान हलवायचे. माहेरी गेले की उंबऱ्यात उभी राहून बघायचे, माझं नाव आज किती वेळा ओढलं जातंय. कमी वाटलं की जेवताना गप्प बसायचे. पन्नाशीतसुद्धा.

अव्वा गेली तेव्हा मी पोचेपर्यंत तिला भिंतीला टेकवून बसवलं होतं. आमच्यात मृताला झोपवत नाहीत, बसवतात, आणि बसलेलंच मातीत देतात. कपाळभर भस्म, गळ्यात हार, आणि डाव्या तळहातावर डबीतून काढलेलं लिंग. यल्लू आपल्या पाठच्या भावाच्या कोपराला धरून आली. तिचेही केस पांढरे झालेले. ती अव्वासमोर बसली, डावं मनगट शोधलं, रिबीन चाचपली, आणि बोलायला म्हणून तळहाताकडे वळली. तळहातावर लिंग होतं. तिनं हात मागं घेतला. जागा भरलेली होती. मग तिनं रिबिनीची गाठ सोडली. मी हात पुढं केला. रिबीन माझी होती, माझ्या पेटीतली. तिनं ती स्वतःच्या मनगटाला बांधली, दातांनी गाठ आवळली. मी म्हटलंही, "अगं, माझी आहे ती." कुणाला ऐकू गेलं नाही.

मग अव्वाला नेलं. बायका उंबऱ्यापर्यंत जाऊन परतल्या, एकेक करून आपापल्या घरी गेल्या. खोलीत मी आणि यल्लू उरलो. तिनं मला शोधून काढलं, मानेमागं हात घालून आखूड केस चाचपले, आणि तरीही माझा हात ओढून कोपरापासून मनगटापर्यंत तीन बोटं ओढली. बोटं जुळवून माझ्या ओठांशी आणली. तळहात उघडला.

मी पाटी पुसली. ती उठली, भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेली. तिथं कुठला डबा कुठं आहे हे मला सांगता आलं नसतं, तिला शोधावंही लागलं नाही. कडक भाकरीचा तुकडा आणि डब्याच्या तळाशी उरलेली, अव्वानं कांडलेली शेंगाची चटणी घेऊन ती माझ्यासमोर बसली. माझ्या आईच्या घरात, माझ्या आईच्या हातची चटणी ती मला वाढत होती, मनगटाला माझी रिबीन बांधून. मला तिचा हेवा वाटला, अगदी पूर्वीसारखा. आणि भूकही लागली होती. मी खाल्लं.